शेषाधिकार

प्रश्न चौथा, गुण दहा:
‘कॅनडातील प्रांत आणि भारतातील घटकराज्ये
यांची तुलना करा.’

तपासणी केंद्र दुसऱ्या मजल्यावर. खिडकीबाहेर गणेशखिंड,
मेट्रोच्या खांबापाशी सकाळपासून बंद पडलेला टेम्पो.
माझ्यापुढे गठ्ठा, लाल पेन
आणि आदर्श उत्तर: मुद्दे पाच, प्रत्येकी दोन गुण,
खाली ढमढेरे सरांची सही,
जिच्या शेवटी कायम एक टिंब असतं.

पोरं गाइडातलंच लिहितात.
सदतीस पेपरांत एकच वाक्य, त्याच चुकीसकट:
‘प्रांताना स्वताच्या खनिजांवर हक्क आहे.’
सदतीस वेळा मी दोन गुण दिले.

मग अडतिसावा.
नाव नाही, नुसता बारकोड.
अक्षर मोठं, ओळ सोडून उताराला लागलेलं.

‘कॅनडा मी पाहिला नाही.
देगलूरच्या पुढची नदी पाहिली आहे.
माझी मावशी पलीकडं दिली, तेलंगणात.
तिच्या पोरीच्या लग्नाला तिथल्या सरकारनं लाखभर दिले.
माझ्या बहिणीच्या लग्नाला आमचं सरकार आलं नाही.
मंडपवाला दोन्हीकडं एकच होता, बँडपण तोच.
लाइट गेली की आमची पोरं पूल ओलांडतात,
तिकडच्या टपरीवर मोबाईल चार्ज करतात.
गावानं ठराव केला, आम्हाला तिकडं घ्या.
साहेब आले, चहा पिले, ठराव घेऊन गेले.
सर, कॅनडात प्रांताच्या संमतीशिवाय
त्याची सीमा हलवता येत नाही.
आपल्याकडं संसद राज्याचं मत मागवते,
ते ऐकलंच पाहिजे असं नाही.
हा फरक.
गावाला कुठंच कोणी विचारत नाही.
हे साम्य.’

‘सर’ म्हणजे मी.
पेन थोडा वेळ टोपणात घातलं.

‘ढमढेरे सर, हा शेवटचा मुद्दा…’
‘यादीत आहे का?’
‘नाही.’
‘मग?’
‘यादीत नसलेलं कुणाकडे जातं, सर?’
‘शेषाधिकार? अमेरिकेत राज्यांकडे,
आपल्याकडे आणि कॅनडात केंद्राकडे.’
सर मनापासून सांगतात, वर्गात सांगावं तसं,
मग चष्म्यावरून बघतात.
‘मॅडम, साडेपाचला गठ्ठे परत हवेत.’

तासिका तत्त्वावर माझं हे अकरावं वर्ष.
राज्य म्हणतं, निकष आयोगाचे.
आयोग म्हणतो, भरती राज्याची.
शिक्षण समवर्ती सूचीत, बेचाळिसाव्या दुरुस्तीपासून.
दरवर्षी शिकवते मी हे फळ्यावर दोन वर्तुळं काढून,
एकमेकांवर चढलेली,
आणि मधली फाक खडूनं भरते.
पोरं विचारतात, मॅडम, इथं कोण असतं?
‘दोघंही,’ म्हणते.
पगाराच्या तारखेचं सांगत नाही.

सीमेचे दोन.
संसदेच्या मताचे दोन, खरं तर तो त्याच मुद्द्याचा भाग.
मावशीला कुठल्या रकान्यात घालू?
चार लिहिले, खोडले, सहा केले,
खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली.
माझ्या सहीला टिंब नाही.

पावणेसहाची बस.
औंधचा पूल ओलांडला की सांगवी,
महापालिका दुसरी, पाणीपट्टी दुसरी,
गाड्यांवर बाराचे चौदा होतात.
खाली मुळा, जलपर्णीनं झाकलेली,
कुठल्या काठाची ते न विचारता पसरलेली.
कंडक्टरनं पूल संपायच्या आत तिकीट फाडलं.

फोन काढून बघितला.
अकरा टक्के.